पोट सुटलेली भिंत

आमच्या मंडळात एक नियम आहे. तो माझ्या नणंदेने केलेला आहे, म्हणजे तो मोडायची कुणाची छाती नाही. ज्याने भिंत रचली, तिच्यावरचा पहिला दगड त्यानेच काढायचा. त्याचा हात लागेपर्यंत इतरांनी नुसतं बघायचं. आणि उतरवलेली भिंत जो पुन्हा रचेल, तिला तिथून पुढे त्याचं नाव.

नियम चांगला आहे. कुणाच्या मेहनतीवर परस्पर पहार चालवायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण तो करताना कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं की रचणारा माणूस भिंतीच्या आधी जाऊ शकतो. आमचे हे गेले आणि नियम माझ्या गळ्यात पडला.

मंडळ कसलं, ते आधी सांगते. शहराच्या वर एक उघडं पठार आहे. झाडं कमी, वारा फार. पूर्वी तिथे मेंढपाळ राहायचे. आता एकदोनच उरलेत. पण त्यांचे दगडी हौद, पायवाटा आणि नजर पोहोचेल तिथवर गेलेले गडगे अजून आहेत. गडगा म्हणजे चुना, सिमेंट, माती यांतलं काहीही न घालता नुसता दगडावर दगड ठेवून रचलेली भिंत. समोरासमोर दोन बाजू उभारायच्या, वर जाता जाता एकमेकींकडे झुकवायच्या आणि मधल्या जागेत बारीक दगडांची भर ठासून बसवायची. दिसायला सोपं आहे. करायला बसलं की पाठ, गुडघे आणि स्वभाव, तिन्ही उघडे पडतात.

दर रविवारी आम्ही वर जाऊन पडलेले गडगे उभे करतो, वाटा मोकळ्या करतो, हौदांतला गाळ काढतो. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर व्याख्यान असतं. कधी खडकांवर, कधी शेवाळावर, कधी मेंढपाळांच्या जुन्या वाटांवर. यायला कुणालाही मुभा, चहा फुकट. पगार आमच्यापैकी कुणालाच नाही, रुसवेफुगवे मात्र पगारी नोकरीला लाजवतील इतके.

या सगळ्याची प्रमुख माझी नणंद. मोठ्या इस्पितळात मेट्रन होती. निवृत्त झाली, पण वॉर्ड काही सुटला नाही. व्याख्यानाला कुणी खुर्ची सरकवली तरी ती अशी बघते की माणूस खुर्चीची माफी मागेल. मंडळात सगळे तिला मेट्रनच म्हणतात. मीही मनात तेच म्हणते, तोंडावर वन्सं. ती माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, पण तिच्यापुढे धाकटे तेच वाटायचे.

आमचं चष्म्याचं दुकान आहे. हे डोळे तपासायचे, मी काउंटर सांभाळायची. फ्रेम चेहऱ्याला शोभत नसेल तर तोंडावर सांगायची जबाबदारी माझी, कारण यांना कुणाला नाही म्हणता यायचं नाही. घुबडासारख्या दिसणाऱ्या माणसालाही हे म्हणायचे, “छान दिसतंय तुम्हाला.” अंगातल्या कपड्याने काच पुसणाऱ्या गिऱ्हाइकाला मी चारचौघांत फैलावर घेते. हे मात्र काही न बोलता दुकानाच्या नावाचं एक पिवळं फडकं त्याच्या हातात ठेवायचे. त्यांच्या सगळ्या खिशांत ती फडकी असायची. मोजून मागवलेली फडकी महिना संपायच्या आत कमी पडायची आणि मी ओरडायची, “खाता की काय तुम्ही?”

घरातही तोच प्रकार. मी काही सांगितलं की “तुझं बरोबर आहे.” बहिणीने नेमकं उलटं सांगितलं की “तुझंही बरोबर आहे.” एकदा आम्ही दोघींनी त्यांना समोरासमोर गाठलं आणि विचारलं, नक्की कुणाचं बरोबर? तर चहा टाकतो म्हणून आत गेले, ते मागच्या दाराने दूध आणायला बाहेर. घरात दूध होतं.

बहिणीच्या आग्रहाने ते मंडळात आले आणि त्यांच्या मागोमाग मी. पठारावरच्या झऱ्याशी जिथे वाट वळते, तिथला पडलेला गडगा यांनी एकट्याने रचला. इतर लोक एवढं काम दोनतीन रविवारांत हातावेगळं करतात. यांचं आपलं चाललंच आहे. दुपारी डबा खाताना सगळे त्यांना कासव म्हणून चिडवायचे, ते हसायचे. पुढे त्या तुकड्याला “चष्मेवाल्यांची भिंत” असंच नाव पडलं. दर वसंतात तिच्या माथ्यावर एक छोटा करडा पक्षी येऊन बसायचा आणि सारखी मान लववायचा. त्याचं खरं नाव लांबलचक आहे; आम्ही त्याला होयबा म्हणतो. आमच्यातले पक्षीवाले काका, जे पक्ष्यांवर बोलायला उभे राहिले की चहा गार झाल्याशिवाय बसत नाहीत, दरवर्षी दुर्बीण लावून त्याचं घरटं शोधायचे. ते त्यांना कधी सापडलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी, दुकानातल्या स्टुलावर बसल्या बसल्या हे गेले. हातात कुणाचातरी चष्मा होता, पुसायचा राहिलेला.

त्यानंतर मी रविवार चुकवला नाही. सगळे डबा खायला झाडाखाली बसायचे, मी त्या भिंतीसमोर. भिंतीशी बोलत वगैरे नव्हते, तेवढी मी हळवी नाही. पण दुकानात त्यांचं स्टूल होतं आणि त्यावर आता आठवड्यातून दोनदा येणारी डोळे तपासणारी मुलगी बसायची. घरी त्यांचे कपडे होते, पण कपडे कुणाचेही असतात. ही भिंत तेवढी त्यांच्या हातची होती. तिच्यातला प्रत्येक दगड त्यांनी उचलून, उलटसुलट करून, पुन्हा खाली ठेवून, पुन्हा उचलून बसवलेला.

आणि त्याच भिंतीचं पोट सुटलं.

मला ते दिसत नव्हतं असं नाही. वाटेकडची बाजू मधोमध फुगली होती, जेवणानंतर सैल होऊन बसलेल्या माणसासारखी. मी म्हटलं, असू दे. यांचंही सुटलं होतं.

महिनाअखेरच्या व्याख्यानाला मी नेहमीसारखी मागे चहावर होते. व्याख्यान शेवाळावर होतं आणि बरं झालं. पूर्वी पडद्यावर चित्रं दाखवायचं यंत्र हे सांभाळायचे, आता पक्षीवाले काका सांभाळतात, त्यामुळे शेवाळ अर्धा वेळ उलटं दिसलं. शेवटी मेट्रन उठली. पुढच्या महिन्यात तिचंच व्याख्यान होतं, पठारावरच्या गडग्यांवर, आणि दुसऱ्या दिवशी ऐकणाऱ्या सगळ्यांना वर नेऊन भिंती दाखवायच्या होत्या. तिने काकांना खूण केली. पडद्यावर आमची भिंत आली. बाजूने घेतलेला फोटो, पोट स्पष्ट.

“हे बघा,” मेट्रन वॉर्डातल्या आवाजात म्हणाली. “आतली भर खचली की असं होतं. रचणाऱ्याने मध्ये कुठेतरी पोकळी ठेवलेली असणार. भिंत वाटेवर कललीय. माणसं न्यायच्या आधी ही उतरवावी लागेल.”

रचणाऱ्याने, म्हणाली. दादाने, असं म्हणाली नाही.

तेवढ्यात यंत्रामागून पक्षीवाले काका म्हणाले, “जन्मभर लोकांचे नंबर काढले आणि स्वतःला भिंतीचं पोट दिसलं नाही!” ते वाईट मनाने बोलले नव्हते. हे असते तर सगळ्यांत आधी हेच हसले असते. काही लोक हसले. मी किटली तशीच टेबलावर ठेवली आणि जिना उतरून घरी आले. कप कुणी धुतले, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी पहिल्यांदाच वर गेले नाही. सोमवारी दुकान उघडून काउंटर पुसते तोच मेट्रन दारात.

“चष्मा घसरतोय नाकावरून,” ती म्हणाली.

मी हात पुढे केला. तिने चष्मा दिला. स्क्रू खरंच सैल होता, म्हणजे अगदीच निमित्त काढून आली नव्हती. मी बारीक पेचकस घेतला आणि मान खाली घालून कामाला लागले.

“वहिनी, तो फोटो आधी तुम्हाला दाखवायला हवा होता.”

“हो.”

“चुकलं माझं.”

इतक्या वर्षांत हे शब्द मी तिच्या तोंडून ऐकले नव्हते. पण मीही अशी लगेच विरघळणारी नाही. “दुसऱ्या बाजूचाही सैल आहे,” मी म्हटलं.

“पण भिंत उतरवावी लागेल.”

“तुम्ही बहीण आहात ना त्यांची? काढा मग दगड. मी कोण अडवणारी?”

“बायको असताना बहिणीने आधी हात लावायचा नसतो.”

“हे कुठल्या नियमात लिहिलंय?”

“नियमात नाही. मला समजतं.”

“मग कुणाचाच लागणार नाही. राहू दे तशी.”

“अहो, उद्या कुणाच्या अंगावर कोसळली म्हणजे? नाव दादाचंच घेतील लोक!”

“आणि उतरवली म्हणजे?” माझा आवाज चढला. “दुसरं कुणीतरी रचणार आणि तिला त्याचं नाव लागणार. तुमचाच नियम. त्यांचं एवढंच काय ते राहिलंय, वन्सं, तेही तुम्हाला पडद्यावर दाखवून पाडायचंय!”

मी चष्मा दिला. तिने पर्समधून एक फडकं काढून काचा पुसल्या. आमच्याच दुकानाचं असावं, पण इतकं विटलेलं आणि झिरझिरीत झालं होतं की त्यावरचं नाव पार गेलं होतं. माझ्यातला दुकानदार जागा झाला. मी ड्रॉवरमधून नवं काढून तिच्यासमोर ठेवलं.

“राहू दे,” ती म्हणाली, जुनंच घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि निघून गेली.

माझ्या हातचं फडकंसुद्धा नको! मी ते परत ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवर इतक्या जोरात ढकलला की शोकेसमधल्या फ्रेमा आडव्या झाल्या.

मंगळवारी दुकान बंद असतं. मी एकटीच वर गेले. मनात होतं की एकदा शांतपणे बघावं, कदाचित वाटतं तेवढं काही नसेल. पोटाच्या खालून एक दगड बोटभर पुढे आला होता. मी शेवटचं पाहिलं तेव्हा तो तसा नव्हता. मी त्याला आत ढकलून पाहिलं. वर कुठेतरी आत खडखड झाली, म्हणून हात काढून घेतला आणि झऱ्यावर पाणी प्यायला गेले.

परत वळून बघते तर एक बाई आपल्या लहानग्या मुलीला घेऊन भिंतीच्या सावलीत बसली होती. चादर पसरलेली, पिशवीतून डबा निघालेला. मुलगी नुकती चालायला शिकलेली असावी. ती भिंतीला धरून, नेमकी त्या फुगवट्याला दोन्ही तळहात टेकवून उभी होती आणि आईकडे बघून हसत होती.

“उठा!” मी ओरडले. “उठा आधी तिथून! पोरीला उचला!”

बाई दचकून उठली, मुलीला उचलून लांब पळाली. मुलगी भोकाड पसरून रडायला लागली. डबा चादरीवर सांडला.

“काय झालं?” बाई घाबरून विचारत होती. “साप आहे का?”

“भिंत,” मी धापा टाकत म्हटलं. “ती भिंत पडेल.”

माझ्याच तोंडून निघालं. शनिवारी भर सभेत नणंदेने म्हटलेलं वाक्य मी मंगळवारी भर माळावर किंचाळून म्हटलं. मी त्या बाईची माफी मागितली, सांडलेलं आवरू लागले, पिशवीतला बिस्किटांचा पुडा मुलीला दिला. ती रडायची थांबली. कितीतरी वेळ मला ते इवलेसे तळहातच दिसत राहिले. हे असते तर त्यांनी क्षणाचाही विचार केला नसता. मुकाट्याने पहिला दगड काढला असता आणि वर म्हणाले असते, तुमचं बरोबर आहे.

खाली आल्यावर मी मेट्रनला फोन केला. “रविवारी,” म्हटलं.

“बरं,” ती म्हणाली. “वहिनी, हातमोजे जाड आणा.”

रविवारी सगळे हजर. पक्षीवाले काका भल्या सकाळी येऊन सगळी अवजारं एकट्याने वर घेऊन गेले होते आणि माझ्याकडे बघायचं टाळत होते. मेट्रनने गवतावर दोऱ्या टाकून जागा आखल्या. माथ्याचे दगड सगळ्यांत लांब, कारण ते सगळ्यांत शेवटी लागणार. त्यांच्या अलीकडे मधले, आणि पायथ्याशी भरीचा ढीग. मग ती बाजूला झाली. सगळेच झाले.

मी भिंतीशी गेले. माथ्यावरचा कोपऱ्यातला दगड दोन्ही हातांनी धरला. जड होता. सरकेना. कुणीतरी पाऊल पुढे टाकलं असावं, कारण मागून मेट्रनचा “हं!” ऐकू आला आणि पाऊल जागच्या जागी थांबलं. मी मनात म्हटलं, अहो, जरा सोडा की. दगड सुटला. तो छातीशी धरून मी लांबच्या दोरीपर्यंत नेला आणि खाली ठेवला. रडू येईल असं वाटलं होतं. पाठीत कळ आली, त्यात रडू राहून गेलं.

मग सगळ्यांचे हात लागले. भिंत उतरवताना बोलत नाहीत, फक्त “घे”, “धर”, “बोट सांभाळ”. भिंत कमरेइतकी उरली तेव्हा मेट्रनने हात वर केला.

“थांबा. हे काय आहे?”

दोन बाजूंच्या मधोमध, जिथे बारीक भर असायला हवी, तिथे एक चपटा दगड आडवा ठेवला होता. त्याचं एक टोक खचलं होतं आणि बाजूची भर त्याच्यामागून घसरून वाटेकडच्या अंगाला दाटली होती. पोट सुटलं होतं ते यानेच. मेट्रनने गुडघे टेकले आणि तो दगड हळूच उचलला.

खाली पोकळी होती. चुकून राहिलेली नव्हे. चारी बाजूंनी छोटे दगड उभे करून, कडा सारख्या करून बनवलेली, कपाटातल्या खणासारखी. मागच्या बाजूला बाहेर जायला एक तिरकं भोक, बाहेरून नुसती सांध्यातली फट वाटेल असं. आणि आत वाळकं गवत, मेंढ्यांची लोकर, पिसं, थरावर थर. दरसाल नवा थर घातलेला, यंदाची पिल्लं केव्हाच उडून गेलेली. आणि खालच्या थरांत, गवतातून डोकावणारं, चोचीने ओढून चिंध्या केलेलं पिवळं कापड.

मी ते ओढून पाहिलं. एका चिंधीवर आमच्या दुकानाच्या नावाची शेवटची दोन अक्षरं होती.

“होयबा!” पक्षीवाले काका जवळजवळ भिंतीत शिरले. “अरे देवा, इथे होता होय! मी सगळा डोंगर पालथा घातला आणि हा गडी चष्मेवाल्यांच्या पोटात!”

हळूहळू सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. आमचा आणखी एक नियम आहे: कामाच्या जागी घरटं सापडलं की पिल्लं उडेपर्यंत काम बंद. पण हे रचत होते त्या वसंतात पडलेल्या गडग्याच्या खिंडारातून मेंढ्या खालच्या रस्त्यावर उतरत होत्या, गाडीखाली येत होत्या. मेंढपाळ अगदी रडकुंडीला आला होता आणि मेट्रनने त्याला शब्द दिला होता की महिन्याच्या आत खिंडार बुजवू. दादा, एवढं तुझ्याकडे, असं तिने भावाला बजावलं होतं. हे म्हणाले असणार, बरोबर आहे तुझं. आणि मग पडलेल्या दगडांच्या ढिगात त्यांना घरटं दिसलं असणार.

मग यांनी काय केलं, तर दोघांनाही हो म्हटलं. घरट्याला हात न लावता त्याच्या भोवतीने भिंत चढवत नेली. म्हणून ते कासव. बहिणीचा शब्द राहिला, पाखराचं घर राहिलं, आणि कुणाला काही सांगायची वेळ आली नाही. हा माणूस जन्मभर असाच जगला.

मेट्रन काढलेल्या दगडांच्या ढिगावर बसली. तिला कामाच्या वेळी बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

“मला सांगायचं ना त्याने,” ती म्हणाली. “काम थांबवलं असतं मी.”

“थांबवलं असतंत?” मी विचारलं.

तिने विचार केला. ती खोटं बोलत नाही, हे तिचं मला मान्यच करावं लागतं.

“नसतं,” ती म्हणाली. “शब्द दिला होता मी. आणि तुम्हाला तरी कुठे सांगितलं?”

“मला सांगितलं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी तुम्हाला ऐकवलं असतं, की बघा, तुमच्या नियमापायी भाऊ कसा चोरासारखा काम करतो. ठाऊक होतं त्यांना.”

तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं. मलाही फुटलं. हसता हसता मी रडायला लागले, पहिला दगड उचलताना राहिलेलं ते सगळं. मला त्यांचा अभिमान वाटत होता आणि रागही आला होता, दोन्ही एकदम. एवढं गोड गुपित माणसाने बायकोपासून लपवावं!

“पोकळी ठेवायचीच ना?” पक्षीवाले काकांनी चाचरत विचारलं.

“ठेवायची तर नीट ठेवायची,” मेट्रन उठली, पुन्हा मेट्रन झाली. “वरचा दगड दोन्ही बाजूंवर टेकेल एवढा लांब हवा, भरीवर वजन यायला नको. दादाने आखूड घेतला. म्हणून एवढं रामायण. शोधा लांब दगड. आणि तेवढी जुनी गवताची गादी अलगद काढून ठेवा, भिरकावू नका.”

“आणि रचणार कोण?” काकांनी विचारलं. “म्हणजे, नाव...”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मेट्रनने मात्र बघितलं नाही. ती भिंतीला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेली, वाकून पायाचा दगड चाचपला आणि म्हणाली, “वहिनी, वाटेकडची बाजू तुमची. माझ्यापेक्षा वर जाऊ नका. दोन्ही बाजू बरोबरीने चढायला हव्यात.”

“म्हणजे नणंद-भावजयीची भिंत!” काका बोलून गेले आणि जीभ चावली. पण सगळे खदखदून हसले, आम्हीही. चष्मेवाल्यांचं नाव गेलं. थोडं दुखलं, नाही असं नाही. पण वाटलं होतं तितकं नाही.

आम्ही रचत गेलो. ती पलीकडून, मी अलीकडून, मध्ये इतरांनी दिलेली भर. माझा दगड डुगडुगला की तिचा “हं!” यायचा, तिचा डुगडुगला की माझा. पोकळीच्या उंचीला आलो तेव्हा दुपार कलली होती. कडेचे छोटे दगड मी यांच्यासारखेच उभे केले, तिरकं भोक तिने राखलं. जुनी गादी आत ठेवली. मला आठवलं की पिशवीत नवं फडकं असेल. मी हातमोजे काढायला लागले.

तेवढ्यात पलीकडून मेट्रनचा हात आत आला. हातात ते विटलेलं, झिरझिरीत फडकं होतं. तिने ते गवतावर अंथरलं आणि कोपरे बोटाने दाबले, इस्पितळातल्या चादरीचे दाबतात तसे.

“वन्सं, हे तर तुमचं.”

“मला पहिला चष्मा लागला तेव्हा दादाने दिलं होतं. तुमचं लग्नही झालं नव्हतं तेव्हा.”

“इतकी वर्षं तेच वापरताय?”

“धुऊन धुऊन.”

दुकानात मी पुढे केलेलं नवं फडकं तिने का घेतलं नव्हतं, ते आता मला कळलं. वर्षभर मी त्या भिंतीसमोर बसून डबा खात होते, जसं काही माणूस माझंच गेलं होतं. तिचा भाऊ गेला होता. आणि ती काम वाटून देत, खुर्च्या सरळ करत, पडद्यावर फोटो दाखवत हिंडत होती, कारण तिला दुसरं काही करता येत नव्हतं.

“जवळ ठेवा ना,” मी म्हटलं. “मी नवं घालते इथे.”

“नको. हे मऊ झालंय.” तिने वर बघितलं. काचांवर धूळ होती आणि धुळीत पाणी. तिने सवयीने खिसा चाचपला आणि हात तसाच राहिला.

मी भिंतीवरून वाकले, तिच्या नाकावरचा चष्मा काढला आणि माझ्या स्वेटरच्या बाहीने दोन्ही काचा खसाखसा पुसल्या.

“ओरखडे पडतील,” मेट्रन म्हणाली.

“पडू देत,” मी म्हटलं आणि चष्मा तिच्या कानांमागे नीट बसवला. “दुकान आपलंच आहे.”

मग तिने पलीकडून आणि मी अलीकडून धरून तो लांब दगड उचलला.